रिकाम्या इमारतीतले शर्ट

आई, लांबूनच पाया पडते.

अगं, जिंकलो आम्ही! सरकार वर्षभर छातीठोकपणे सांगत होतं, ती इमारत रिकामी आहे, आत एकही कैदी नाही. पण तिथून दर आठवड्याला त्रेचाळीस शर्ट धुवायला येतात, असं लॉन्ड्रीवाल्या बाईंनी मला सांगितलं. मी तेवढंच छापलं. जगभर बोंबाबोंब झाली आणि काल फाटक उघडून त्रेचाळीस माणसं चालत बाहेर आली!

बाई सुखरूप देशाबाहेर पोचल्यात. मीही खोली बदललीय. हवेशीर आहे, पत्ता मात्र विचारू नकोस. बाबांचा गुडघा काय म्हणतो?

कात्रण पाठवतेय. बातमीवर माझं नाव नाही म्हणून रुसू नकोस. त्रेचाळीस जणांची नावं छापली, त्यात जागाच उरली नाही.

तुझीच,
चिमणी