निशि मेथड आणि थोडासा घाम

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. फिटनेस ट्रेनरकडे स्वतःचं रेकॉर्ड हवं. वय अठ्ठावीस, वजन चोपन्न. पूनम सागर या आमच्याच सोसायटीच्या हॉलमध्ये संध्याकाळी सहाची डान्स-फिटनेस बॅच. एकोणीस बायका, सगळ्या मला निशि मॅम म्हणतात. आई निशिगंधा म्हणते आणि त्याच वाक्यात लग्नाचा विषय काढते.
आज जम्पिंग जॅक्स घेताना थोडं ओलं वाटलं. घाम असणार. ‘ते’ दोन मुलं झालेल्या बायकांना होतं. मला मूल सोडा, नवरासुद्धा नाही. म्हणजे घामच. विषय संपला.

४ नोव्हेंबर
घाम एकाच ठिकाणी का येतो? उत्तर सापडलं. हॉलचा एसी फार गार आहे, गारठ्याने होतं असं. हॉल सांभाळणाऱ्या सुभाषला एसी कमी करायला सांगितलं. तो म्हणाला, मॅडम, एसी मार्चपासून बंद आहे.
नवा निर्णय: दुपारी तीननंतर पाणी बंद. टाकीच रिकामी तर गळणार काय?

७ नोव्हेंबर
काळ्या लेगिंग्ज सहा घेतल्या. दुकानदार म्हणाला, मॅडम, कलर में भी आता है. म्हटलं, ब्रँडिंग है.
आईला सहज विचारलं. माझ्या एका मैत्रिणीला शिंकताना, उडी मारताना प्रॉब्लेम होतो, काय करावं? कोण मैत्रीण? घाईत तोंडातून ‘संध्या’ निघून गेलं. आईने लगेच काळ्या तिळाचे लाडू वळले, संध्यासाठी डबा भरला. एकवीस लाडू. दिले का म्हणून रोज विचारते.

१० नोव्हेंबर
संध्याने सगळे लाडू खाल्ले. संध्याचं वजन दीड किलो वाढलं. बाकी परिस्थिती जैसे थे.
नेटवर शोधलं. जिथे बघावं तिथे एकच, डॉक्टरांना दाखवा. नेटवाल्यांना दुसरं काही येत नाही. शेवटी एक व्हिडिओ मिळाला. लघवी करताना मध्येच थांबवायची, परत सोडायची, परत थांबवायची. दिवसातून जमेल तितक्या वेळा. याला म्हणतात सायन्स. आजच चार वेळा केलं.

१२ नोव्हेंबर
मास्टरस्ट्रोक! बुधवार-शुक्रवार ‘नो-जंप बॅच’ सुरू केली. कारण सांगितलं, गुडघे सांभाळायचे. वाटलं चार-पाच येतील. सोळा आल्या! पंचेचाळिशीच्या हंसाबेननी तर मिठीच मारली, बोलल्या, बेटा, भगवान तेरा भला करे. गुडघ्यांबद्दल लोकांत एवढी जागृती आहे, कल्पना नव्हती. शेवटी ट्रेनरचं नाव चालतं.

१४ नोव्हेंबर
क्लास सुटल्यावर स्वप्नाली थांबली. बी विंगमधली, पंचवीसची, बँकेत आहे, मागच्या वर्षी लग्न झालं. स्पीकरची वायर गुंडाळायला मदत करता करता हळूच म्हणाली, मॅम, उडी मारली की थोडं होतं हो. तुम्हाला होतं का कधी?
मी म्हटलं, छे.
तिचा चेहरा पडला. मग मी तिला टिप्स दिल्या. पाणी कमी कर आणि मध्येच थांबवायचा व्यायाम. डॉक्टर नको, उगाच चौकशा करतात. तिने सगळं मोबाइलवर टाइप करून घेतलं. शिष्य असावा तर असा.

१९ नोव्हेंबर
टिप्स पूर्ण बॅचला दिल्या, ‘निशि मेथड’ नावाने. अर्थात कोअरसाठी म्हणून.
मी स्वतः आज क्लासमध्ये तीनदा बाथरूमला गेले. बॅचला सांगितलं, फोन येतोय.

२१ नोव्हेंबर
गेटवर उत्तन गावची जाईबाई कोळीण मासे घेऊन बसते. बोंबील साफ करता करता माझ्याकडे न बघताच म्हणाली, बाय, तू शिंकतंस तवा पाय आवळतंस. मी म्हटलं, सवय आहे. ती म्हणाली, माझे सुनेला बी व्हता. डाक्टरनीकडं नेला, आता बरी हाय. तुला नंबर पायजे?
बोंबील परत ठेवले आणि निघून आले. लोकांना प्रायव्हसीची अक्कलच नाही.

२४ नोव्हेंबर
ठीक आहे, गेले डॉक्टरकडे. माझ्यात हिंमत नाही असं कुणी म्हणू नये. आमचे फॅमिली डॉक्टर मला पोलिओच्या डोसापासून ओळखतात. त्यांच्यासमोर जाऊन बसले. त्यांनी विचारलं, काय होतंय? मी म्हटलं, गुडघा.
कुठला? डावा.
त्यांनी दाबून बघितला, मलम लिहून दिलं. मलम चांगलं आहे. गुडघा एकदम मोकळा वाटतोय.

२८ नोव्हेंबर
स्वप्नाली आठवडाभर गैरहजर. मेसेज केला, ‘कन्सिस्टन्सी इज की’. उत्तर नाही. हल्लीच्या मुलींना चिकाटी नाही.

१ डिसेंबर
हंसाबेनकडून कळलं. स्वप्नालीला थंडी वाजून ताप, कंबरेत कळा. लघवीचं इन्फेक्शन मूत्रपिंडापर्यंत गेलं. तीन दिवस ॲडमिट होती, सलाइन. डॉक्टरांनी विचारलं, पाणी किती पितेस? म्हणाली, दिवसाला दोन ग्लास, क्लासच्या मॅमनी सांगितलंय.
सध्या व्हायरलची साथ आहे. त्यातलंच असेल.

२ डिसेंबर
मूत्रपिंडाला व्हायरल होत नाही. नेटवर बघितलं.

३ डिसेंबर
क्लास घेतला नाही. बॅचला कळवलं, गुडघा.

४ डिसेंबर
स्वप्नालीला बघायला गेले. नारळपाणी घेऊन. दार सासूबाईंनी उघडलं, या म्हणाल्या नाहीत, फक्त बाजूला झाल्या.
स्वप्नाली पलंगावर बसली होती. हातावर सुईचा काळानिळा डाग. मला बघून उठायला लागली. म्हणाली, सॉरी मॅम. मी कडक शब्दांची तयारी करून गेले होते, सॉरीची नव्हती. ती म्हणाली, माझंच चुकलं असेल, तुम्ही सांगितलं तसं नीट जमलं नाही मला. बाकी कुणालाच काही झालं नाही ना.
मग सासूबाई पाणी आणायला आत गेल्या तेव्हा कुजबुजली, तुम्हाला खरंच कधीच नाही झालं? मला वाटतं, मीच तेवढी अशी आहे.
मी म्हटलं, नाही गं.
जिना उतरताना शिंक आली. दुसऱ्या मजल्यावर थांबावं लागलं.

५ डिसेंबर
जाईबाईकडून नंबर घेतला. तिने काहीही विचारलं नाही. अर्धा किलो बोंबील मात्र घ्यायला लावले.

९ डिसेंबर
डॉक्टरीणबाईंकडे गेले. रांगेत माझ्यापेक्षा लहान एक मुलगी कॉलेजच्या बॅगसकट बसली होती.
यावेळी गुडघा म्हटलं नाही. जे होतंय ते सांगितलं. त्यांनी लघवी तपासली. मग म्हणाल्या, मूल नसलं तरी होतं, फार उड्या मारणाऱ्या मुलींना तर बऱ्याचदा होतं. स्नायू शिकवावे लागतात. बहुतेक जणींना फरक पडतो, पण तीन महिने नेटाने करायला लागतं. चहा-कॉफी कमी, पाणी व्यवस्थित प्यायचं.
मग आतल्या खोलीत फिजिओथेरपिस्ट. तिने झोपवलं, म्हणाली, आता आवळा आणि धरून ठेवा, आपण दहा सेकंदांचं लक्ष्य ठेवू. मी मनात म्हटलं, ट्रेनर आहे मी.
दोन सेकंद.
तेसुद्धा उलटं. मी आत ओढायच्या ऐवजी खाली ढकलत होते, वर श्वास रोखून. इतके दिवस.
तिने विचारलं, मध्येच थांबवायचा व्यायाम रोज करायला कुणी सांगितलं? त्याने त्रास वाढू शकतो. मी म्हटलं, आमच्याकडे एक मॅडम आहेत. ती म्हणाली, त्यांना म्हणावं, बंद करा हे.
म्हटलं, सांगते.

१२ डिसेंबर
सांगायला तीन दिवस लागले. मेसेज चारदा लिहिला. पहिल्यात ‘काही सदस्यांच्या माहितीसाठी’ असं होतं. दुसऱ्यात संध्या होती. शेवटी बॅचच्या ग्रुपवर टाकलं: मला हा त्रास आहे. मी खोटं बोलले. निशि मेथड चुकीची आहे, कुणीही करू नका, पाणी प्या, डॉक्टरांना दाखवा. स्वप्नाली आजारी पडली ती माझ्यामुळे. खाली डॉक्टरीणबाईंचा नंबर.
मग हंसाबेन: बेटा, सबको पता था. तू हर गाने में भागती थी. हमारा भी यही है, इसीलिए तो सब नो-जंप में आए.
गुडघ्यासाठी एकही नव्हती. सोळाच्या सोळा.
त्यातल्या सात जणींनी नंबर सेव्ह केल्याचं कळवलं. दोघींनी विचारलं, अपॉइंटमेंट एकत्र घेऊया का.
पावणेसहाला बघितलं. स्वप्नाली ग्रुपमधून बाहेर पडली होती.
फोन केला. वाजून वाजून बंद झाला.
उद्या परत तिच्या घरी जायचं. दार सासूबाईच उघडतील. काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही.