चाळीस मशीन, एक मास्टर

२६ सप्टेंबर २००५, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात.
कॉलेजच्या लॅबमध्ये चाळीस लिनक्स मशीन आणि चाळीस तऱ्हा. पोरांचे प्रोग्रॅम चालवायला लागणारा कंपायलर एकावर नवा, शेजारच्यावर जुना. क्रांती मॅडम सीडी घेऊन मशीनमागून मशीन फिरतात, हळदीकुंकवाला निघाल्यासारख्या. मी ठरवलंय, एक मशीन मास्टर करायचं. सॉफ्टवेअर त्यावर बसवलं की रात्री बाकीची आपोआप कॉपी करतील.
चौदा ऑक्टोबरला युनिव्हर्सिटीचं प्रॅक्टिकल. आम्हा दोघा टेंपररी असिस्टंटांपैकी जो ते नीट पार पाडेल त्याला लॅब इनचार्जची पर्मनंट ऑर्डर, असं प्राचार्य गणपतराव सर म्हणाले. म्हणताना माझ्याकडे बघत होते. मॅडमकडेही बघितलं, पण सहज.
दुसरा संकल्प : मिसळ बंद.

३० सप्टेंबर
रात्रीच्या कॉपीची स्क्रिप्ट तयार! बायकोला वाचून दाखवली. सुष्मिता म्हणाली, गॅस संपलाय. या घरात टेक्नॉलॉजीला किंमत नाही.
मिसळ खाल्ली. गॅस नव्हता.

४ ऑक्टोबर
सगळी मशीन एकसारखी. सात नंबर तेवढं ऐकत नाही, त्याचं नेटवर्क कार्ड गेलंय. मॅडमनी त्यावर सीडीनं बसवलं. असू दे. प्रत्येक घराण्यात असतंच एखादं.

६ ऑक्टोबर
पोरांनी मशीनवर गेम टाकलेत. नवा नियम घातला : जे मास्टरवर नाही ते कुणाकडंच नको, रात्री आपोआप पुसलं जाईल. मॅडमनी विचारलं, मास्टरलाच काय झालं तर? मी हसलो. त्या म्हणे सीडी जपून ठेवणार. जुन्या वळणाची माणसं. (माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहेत.)

११ ऑक्टोबर, खंडेनवमी
लॅबची पूजा. शिपाई ज्ञानूनं पाट मांडला आणि विचारलं, सायेब, हत्यार कंचं ठेवायचं? मॅडमनी माऊस ठेवला. मला ते लई हलकं वाटलं. वर्कशॉपवाले पाने-हातोडे मांडतात आणि आम्ही उंदीर? मी मास्टर उघडला, सॉफ्टवेअरची अख्खी हार्ड डिस्क काढली आणि पाटावर ठेवली. हळद, कुंकू, झेंडू. ज्ञानूनं फुलानं पाणी शिंपडलं. सर म्हणाले, वा!
मास्टर दुसऱ्या छोट्या डिस्कवर चालूच. बाकीची मशीनही चालू ठेवली, रात्रीची कॉपी चुकायला नको. शिस्त म्हणजे शिस्त. पुजलेलं हत्यार दसरा झाल्याशिवाय उचलायचं नाही.

१२ ऑक्टोबर, दसरा
सोनं वाटलं. सुष्मिताला सांगितलं, पर्मनंट झालो की फ्रिज घेऊ. ती म्हणाली, आधी ऑर्डर दावा. पण हसली. लग्नानंतर अशी फार वेळा हसलेली नाही.

१३ ऑक्टोबर, सकाळी ९
लॅब उघडली. सगळी मशीन एकसारखी. कशावरच कंपायलर नाही.
९.२०
उलगडा झाला. रात्री मास्टरनं बघितलं, आपल्याकडं सॉफ्टवेअर नाही. ते पाटावर. मग नियमाप्रमाणं सगळ्यांकडचं पुसलं. म्हणजे स्क्रिप्ट शंभर टक्के बरोबर चालली. याची कुणी नोंद घेणार नाही.
९.३०
डिस्क बसवली. फिरत नाही. डिस्कच्या हवेच्या भोकातून हळद आत गेलीय.
१०
सर आले. काय बोलले ते लिहिण्याजोगं नाही. ज्ञानू म्हणाला, देवाचं केलं की वो, त्यात सायबांचा काय दोष? एवढाच एक समजूतदार माणूस.
फक्त सात नंबरवर सगळं शाबूत निघालं. ऐकत नव्हतं म्हणून वाचलं.
संध्याकाळ
मॅडम सीडी घेऊन मशीनमागून मशीन फिरल्या. मी सीडी पुसून हातात देत होतो. कोऑर्डिनेशन माझं.

१४ ऑक्टोबर
प्रॅक्टिकल झालं. बाहेरचे परीक्षक म्हणाले, लॅब छान ठेवलीय. मी नम्रपणे मान झुकवली. ते मॅडमशी बोलत होते.

२० ऑक्टोबर
ऑर्डर निघाली. क्रांती मॅडमची.
सुष्मिताला सांगितलं. तिनं ताट वाढलं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२४ ऑक्टोबर
माझी लायब्ररीत बदली. तिथं एकच मशीन. मी सुष्मिताला समजावलं : एकच असल्यामुळं दुसऱ्याशी फरक पडायचा प्रश्नच नाही, माझी सिस्टीम अखेर यशस्वी झाली. ती म्हणाली, व्हय की. मग तितं तुमचं काम काय?
मिसळ खाऊन आलो.