ते पाणी नव्हतं

३ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू काल न सांगता निघून गेलीस. खोलीवर आले तर तुझी पिशवी नाही, गादी गुंडाळलेली आणि ओट्यावर माझा चहा झाकून ठेवलेला. मला अजून काही सुचत नाहीये.

आत्या, त्या बाटलीत नालखेकड्यांच्या रक्तातून वेगळं काढलेलं हिमोसायनिन होतं. तुला मागे सांगितलं होतं ना, आपल्या रक्तात लोखंड प्राणवायू वाहून नेतं आणि त्यांच्या रक्तात या हिमोसायनिनमधलं तांबं, म्हणून ते निळं. चाळीस खेकड्यांचं थोडं थोडं रक्त घेतलं, त्यांना परत समुद्रात सोडलं, तेव्हा कुठे तीन महिन्यांत ती एक बाटली भरली. सर आणि मी चार दिवस परिषदेला काय गेलो, परत येऊन लॅबमधला फ्रिज उघडला तर आत स्वच्छ पाणी!

किल्ली तुझ्याकडे होती, हे मी सरांना सांगितलं. खोटं कसं सांगणार? पण ‘झालं असेल माझ्या हातून’ असं तू सगळ्यांसमोर म्हणालीस तेव्हा माझा कानांवर विश्वास बसेना. सांडलं तर सांडलं, वर पाणी कशाला भरायचं? तुला या कामाला लावलं मीच. आता सरांना तोंड कसं दाखवू? पोचल्याचं तेवढं कळव.

तुझी,
ठकी

६ मार्च

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. प्रवासात गुडघा आखडला, म्हणून तुझ्या बाबांनी मोठ्या कौतुकाने शेकायची पिशवी आणली. ती पहिल्याच दिवशी माझ्या अंगावर गळली. दादाला अजून काही बोलले नाही, सुट्टी मिळाली म्हणून ठोकून दिलंय.

आता खरं ऐक. तुझी बाटली मी उघडलेली नाही. सरांनी विचारलं तेव्हा तुझा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, निघायच्या गडबडीत तुझ्याच हातून काहीतरी होऊन बसलंय. तुझं संशोधन बुडण्यापेक्षा माझं बाटल्या धुण्याचं काम गेलेलं बरं, म्हणून बोलून गेले.

पण इथे बसल्या बसल्या एक आठवलं. तुम्ही यायच्या आदल्या दिवशी फ्रिज पुसताना मी ट्रे सरकवला, तर ती बाटली हिंदकळली आणि आत फेस आला. बराच वेळ बसला नाही. आधी औषधांच्या कारखान्यात आणि आता तुमच्या लॅबमध्ये, बावीस वर्षं मी बाटल्या विसळतेय. साध्या पाण्याला तसा फेस येत नाही, शास्त्रज्ञीणबाई! रंग नसेना का, पण आत पाणी नाही. ते ओतू नकोस. आधी नीट तपास आणि काय निघालं ते लगेच लिही.

तुझी,
आत्या

८ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. बाटली मी सकाळीच ओतली.

पांढऱ्या बेसिनवर ते पसरलं आणि माझ्या डोळ्यांदेखत निळं झालं. मी हाताने अडवायला गेले, तोवर जाळीतून गेलंसुद्धा. बोटं तेवढी ओली राहिली.

परिषदेला निघताना, टिकावं म्हणून, मी बाटलीत नायट्रोजन सोडून सगळी हवा काढली होती. तसं मी पहिल्यांदाच केलं होतं. प्राणवायू गेला की हिमोसायनिनचा रंग जातो, हवा मिळाली की परत येतो. हे मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. परीक्षेत यावर पानभर लिहून आले होते! नुसतं बूच काढून बाटली हलवली असती तरी पुरे होतं. पण फ्रिज उघडल्यावर मला पुस्तक आठवलं नाही, तू आठवलीस. याची फार लाज वाटते.

त्या दिवशी जे होते त्या सगळ्यांसमोर आज सरांना सांगितलं. खेकडे आता पुढच्या हंगामातच मिळतील, तोवर माझं काम ठप्प. पण तुझ्याशी चुकीचं वागलो, सोमवारी परत बोलवा, असं ते स्वतः म्हणाले. येशील ना? खूप रागावली आहेस का माझ्यावर?

तुझी,
ठकी

१२ मार्च

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. इतक्या मेहनतीचं ते सगळं असं मोरीत गेलं! शेवटी दादालाही सांगावं लागलं. तो तुझ्यावर असा भडकला की फोनच उचलला होता. आमचं आम्ही बघून घेऊ म्हणून मीच ठेवायला लावला. जेवत जा वेळेवर.

सरांना सांग, येते. सोमवारी जमणार नाही, गुडघा अजून वाकत नाही. गुरुवारी कामावर हजर होईन.

रागावलीस का विचारतेस. खोटं मी बोलले, ती चूक माझी. सरांनी ते खरं मानलं, ते परके आहेत. पण त्यानंतर अर्धा तास आपण दोघीच धुण्याच्या खोलीत होतो. ‘आत्या, खरंच का गं?’ एवढं तू विचारशील म्हणून मी त्याच त्या दोन बाटल्या पुन्हा पुन्हा धूत राहिले. विचारलं असतंस तर सगळं खरं सांगणार होते. तू नळाकडे बघत उभी राहिलीस. मग मी हात पुसले आणि निघाले.

तेव्हा कामावर येईन, पण राहायला तुझ्याकडे नको. लॅबच्या जवळपास माझ्यापुरती एखादी खोली बघून ठेव.

लोभ आहे, तो कुठे जात नाही. पहिल्याइतका व्हायला मात्र थोडे दिवस लागतील.

तुझी,
आत्या