बाबांची ताकदीची पावडर

दादा,

तू आज सुट्टीवर येतोयस आणि तुझा फोन लागत नाही, म्हणून लिहून ठेवतेय. बाबांना दवाखान्यात ठेवलंय. सकाळी आंघोळ करून येताना दारातच कोसळले. मी त्यांचे कपडे न्यायला घरी आले होते.

रक्त वाढावं म्हणून तू मागच्या सुट्टीत आणलेला व्हिटॅमिनच्या पावडरचा डबा मी डॉक्टरांना दाखवायला नेतेय, शोधू नकोस. त्यात पोटॅशियम असणार, असं ते म्हणाले. बाबांच्या आधीच अधू किडन्या ते पोटॅशियम बाहेर टाकू शकत नाहीत, म्हणून हृदयाचे ठोके बिघडले. किडनीचा आजार असलेल्या माणसाने रक्तासाठी काहीही घ्यायचं तर आधी विचारायचं असतं म्हणे.

तू एक चमचा सांगितला होतास, बाबा दोन घ्यायचे. "पोरगा सुट्टीवर येईपर्यंत जरा बरा दिसलो पाहिजे," असं शेजारच्या काकूंना म्हणाले होते.

मी डब्याचं सांगितल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "हे कुणी दिलं?" बाबा धापा टाकत म्हणाले, "मीच आणलं. पोरांना काही माहीत नाही."

त्यानंतर ते बोललेले नाहीत. डायलिसिस चालू आहे. लगेच ये, पण त्यांच्याजवळ बसून माफी मागू नकोस. त्यांचा शब्द राहू दे.

छोटी