बाळंतिणीचं पाणी

२४ एप्रिल
लेकीला, पल्लवीला, दवाखान्यातून घरी आणलं. मुलगा झाला. नाक आमच्याकडचं, आवाज सुनंदाकडचा. (बायकोला यापुढे सु. लिहीन, पूर्ण नाव लिहायचा कंटाळा.) हुडकेश्वरात सकाळीच टाकीचं पाणी चटके देतं आणि सु.ने बाळंतिणीच्या खोलीतला कूलर बंद केला. वर ओवा-शेपांची धुरी. बुटीबोरीच्या कापड गिरणीत उभा जन्म काढला, पण एवढा घाम तिथेही आला नव्हता.

२६ एप्रिल
डिंकाचे लाडू, बाळंतकाढा, खारीक. सगळं भरपूर. पाणी मात्र उकळलेलं, वाटीभर.
"आई, तोंड सुकून राहिलं वं. थोडं पाणी दे ना."
"बाळंतिणीले जास्त पाणी नाही देत. पोट सुटते, लेकराले सर्दी होते. तुया वेळी मीबी अशीच राहिली ना?"
मी मध्ये बोललो तर म्हणे, "तुम्हाले काय समजते यातलं?" काही समजत नाही, खरंच. पेपर घेऊन बाहेर बसलो.

२८ एप्रिल
पल्लवीचे गुडघे, कंबर ठणकतात. लहानपणापासून हे आहेच. आम्ही वात म्हणायचो. आंबट बंद, वांगं बंद, बरं वाटलं की आमच्याच पथ्यानं बरं झालं असं समजायचं. सु.ने निर्गुडीचा पाला गरम करून बांधला, काढा दुप्पट केला.
पल्लवी दात आवळून कण्हते. विनू असाच कण्हायचा. माझा धाकटा भाऊ. मॅट्रिकच्या वर्षी गेला, तोही वातानं, असं घरात सगळे म्हणतात. मला भीती वाटते आहे. इथे लिहितो, बोलणार कुणाजवळ?

२९ एप्रिल
जेवणं आटोपली आणि पल्लवीनं छाती धरली. श्वास पुरेना. ओठ पांढरे फटक. ऑटोत सु. तिचं डोकं मांडीवर घेऊन, मी बाळाला कवटाळून.
ऑक्सिजन लावला, सलाईन लावली. डॉक्टरबाईंनी विचारलं, पाणी किती पिते? सु. शहाण्यासारखी म्हणाली, "जास्त नाही देत जी, मी स्वतः लक्ष देतो." बाईंनी पेन खाली ठेवलं. मग नर्सला हाक मारून पल्लवीचं रक्त तपासायला पाठवलं.
आज एवढं पुरे.

१ मे
सिकलसेल. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, अंगात पाणी कमी पडलं की आणखी वाकतात, अडकतात. म्हणून ते दुखणं. वात नव्हताच.
सु. फणकारली, "यांच्या घरचं आहे जी. यांचा भाऊ याच्यातच गेला असन."
बाई म्हणाल्या, एवढा आजार व्हायला आई आणि वडील दोघांकडून यावं लागतं. अर्धं अर्धं. तुम्हाला दोघांनाही त्रास नाही, पण दोघांच्या रक्तात आहे.
आम्ही पोरीला काय काय खाऊ घातलं ते आठवत होतो, आणि दिलं होतं हे.
काढ्यानं जाईल का, मी विचारलंच. बाई म्हणाल्या, जन्माचं रक्त कशानंच बदलत नाही. काढे बंद, गोळ्या रोज, पाणी भरपूर, उन्हापासून जपा. खाण्यापिण्यानं त्रास कमी-जास्त होतो, एवढंच आपल्या हातात.

३ मे
ऑक्सिजन काढला. पल्लवी बोलली. गरोदरपणात पहिल्या तपासणीत रक्तात याची शंका निघाली होती, खात्रीसाठी दुसरीला बोलावलं, ही गेलीच नाही. "सासरी समजलं असतं तर, बाबा?"
रागवावं वाटलं. रागवलो नाही. पाणी पाजलं.
आता बाळाचं काय? आईकडून अर्धं तर येणारच. जावयाच्या रक्तातही असेल, तर पूर्ण येऊ शकतं. त्याच्या टाचेतून रक्त घेतलं. अहवाल यायचा आहे. सु.च्या देखतच बाईंना विचारलं, बाळात आधी काय दिसतं? म्हणाल्या, बहुधा हाता-पायांची बोटं सुजतात, पण इतक्या लवकर नाही, काही महिन्यांनी.
विनूचा एकच फोटो आहे, आईच्या मांडीवर, वर्षाच्या आतला. आईनं त्याचा हात उचलून धरलाय. काय गुबगुबीत हात, म्हणून गल्लीभर दाखवायची.

६ मे
घरी. कूलर चालू. सु. आता तांब्या घेऊन पोरीच्या मागे. "पी वं. आणखी पी." रडत नाही, पण स्वयंपाकघरात भांडी फार आपटते.
जावयाला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आमच्या घरात असं काही नाही जी." मी म्हटलं, आम्हीही हेच म्हणत होतो. ऐकलं की नाही कोण जाणे.

८ मे
जावई आला, सोबत विहीणबाई. मी काही म्हणायच्या आत शर्टाची बाही वर करून म्हणाला, "बाबा, सकाळी रक्त देऊन आलो." त्या कापसाच्या बोळ्याकडे पाहून मला भरून आलं. दोन्ही अहवाल सोमवारी.
विहीणबाईंनी बाळ घेतलं. अंगठी घातली, हात उचलून खिडकीकडे धरला.
"काय गुबगुबीत हात आहेत वं बाई याचे!"
पल्लवी खूश होऊन हसली. सु.च्या हातून चहाची बशी पडली. मी उठलो, दृष्ट लागेल म्हणत बाळाला घेतलं आणि आतल्या खोलीत गेलो. इतक्या लवकर नसतं, बाईंनी सांगितलंय. तरी एकेक बोट दाबून पाहिलं. मऊ आहेत. मऊच असतात ना या वयात? सु. दारात येऊन उभी होती. "सुजले काय जी?" तिनं विचारलं.
मी पुन्हा पहिल्या बोटापासून दाबून पाहायला लागलो.