खांबाला बांधलेली लाईन

मु. कोसमघाट (पोस्ट चार कोसांवर), व्हाया वडसा
१४ डिसेंबर १९८६

चि. हरिदास यास तुझ्या भाऊजीचा सप्रेम जयभीम.

मी इकडे ठीक आहे. तू तिकडे ठीक असशील असे धरून चालतो, कारण नसतास तर जहाजाच्या कंपनीने कळवले असते, आणि कंपनीने दोन वर्षांत काहीच कळवलेले नाही. जहाजावर ओल असते म्हणतात, तर झोपताना छातीला मोहरीचे तेल लावत जा. (हे वाक्य तुझी बहीण सत्यशीला प्रत्येक पत्राच्या सुरुवातीला लिहायला लावायची. आता लिहायला लावणारे कोणी नाही, पण ते लिहिल्याशिवाय पुढचे सुचत नाही.) घरात सर्व जण खुशाल आहेत, म्हणजे मी आहे.

तुझे पार्सल दिवाळीनंतर मिळाले. मुखरू पोस्टमनने ते सायकलला बांधून आणले आणि सही घेण्याआधी उघडून दाखवा म्हणाला. असा नियम नाही. पण तो गावात मंगळवारी आणि शुक्रवारीच येतो, आणि माझ्या दारात थांबण्याचे कारण त्याला क्वचितच असते, म्हणून मी उघडले. आत दोन चकचकीत यंत्रे निघाली आणि तुझी चिठ्ठी. चिठ्ठी तुझ्या आजवरच्या पत्रांत मध्यम लांबीची आहे: ‘भाऊजी, सिंगापुरात मासे मारायच्या दोन रील घेतल्या. लाईन आत येत नाही, तिकडे घ्या. दोन्हींना वेगळी लागते. ह.’ मुखरू म्हणाला, ‘काय होय जी, बाबू?’ मी म्हणालो, ‘रील.’ (इथे मला सगळे पाणीबाबू म्हणतात. रोज सकाळी आठला नदीतल्या मोजपट्टीवर पाणी किती चढले ते वहीत लिहितो, हे तुला ठाऊक आहे. बारा वर्षांत कचेरीकडून एकच उत्तर आले, की शाई निळी वापरावी.) एका शब्दाने काही बिघडेल असे मला वाटले नाही. पुढचे सगळे त्या शब्दाने बिघडले.

आता लाईन कोणती घ्यावी हा प्रश्न. ती सुताची असते की रेशमाची, हे चिठ्ठीत नव्हते. दोन्ही रील टेबलावर समोरासमोर ठेवून मी तीन संध्याकाळी पाहत बसलो. पहिलीचे रीळ जागचे हलत नाही. एक कडी त्याच्याभोवती फिरून दोर गुंडाळते, आणि गळ फेकला की दोर रिळाच्या काठावरून वेटोळी घेत बाहेर पडतो. दुसरीत कडी नाही. आतला ढोलच फिरतो, रहाटासारखा. तिची मूठ मात्र चुकीच्या बाजूला, डावीकडे बसवली आहे. इतक्या पुढारलेल्या देशात तपासणारे कोणी नसावे याचे नवल वाटले. पहिलीची मूठ काढून हव्या त्या बाजूला लावता येते, ती मी उजवीकडे घेतली. दुसरीची तशी घेता येईना. तीन संध्याकाळी संपल्यावर मी तुला तार केली: ‘रील मिळाल्या. लाईन कोणती ते कळव.’ तारेचा कागद मुखरूच्या हाती दिला. तारेचे उत्तर अजून आलेले नाही. समुद्रात खांब नसतील. (याआधी तुला एक तार केली होती, तिचेही उत्तर पाच आठवड्यांनी आले. त्याबद्दल मी काही लिहीत नाही. तू आला असतास तरी ती उठली नसती.)

उत्तराची वाट पाहण्यापेक्षा वडशाला जाऊन यावे असे ठरवले. नाटकांचे दिवस आहेत, वडशात खोलीखोलीतून पेटी वाजते आणि एसटीत उभे राहायला जागा नसते. जाळी-दोर विकणाऱ्या दुकानात मी रीलबरोबर आलेला कागद काढला. त्यावर इंग्रजीत आकडे आहेत: पहिलीला आठ पौंड, दुसरीला सोळा. मी एकूण चोवीस पौंड लाईन मागितली. दुकानदार म्हणाला, ‘तंगूस? चोवीस पौंड? वैनगंगेले कुंपण घालून राह्यले का, साहेब?’ दुकानात नाटकाची नटमंडळी दोर घ्यायला आली होती, त्यांना हसायला पैसे मिळतात तरी ती फुकट हसली. मग त्याने समजावले की पौंड हे तंगुसाचे (नायलॉनच्या दोराला इकडे तंगूस म्हणतात) वजन नव्हे, तुटण्याआधी तो जितके ओझे पेलतो तितके. मी आयुष्यभर मोजण्याचे काम केले, आणि कोणता आकडा कशाचा हे मला एका दुकानदाराने सांगितले. मी एक बारीक आणि एक जाड अशी दोन भेंडोळी घेऊन आलो.

घरी येऊन मी बारीक तंगूस ढोलाच्या रीलवर भरला आणि जाड पहिलीवर. माझा विचार असा की मोठ्या ढोलावर बारीक दोर जास्त मावेल. लटारू ढिवर घाटावर जाळे सुकवत होता. (तू सुट्टीत आलास की ज्याच्या डोंग्यात बसून पाण्यात पडायचास, तोच. आता त्याचे दात गेलेत.) त्याच्यासमोर मी गळ फेकला. जाड तंगूस काठ सुटताच स्प्रिंगसारखा उसळला आणि सगळाच्या सगळा माझ्या पायाशी येऊन पडला. दुसरी रील घेतली. ढोल वेड्यासारखा फिरला, गळ समोर दहा हातांवर पडून राहिला, आणि ढोल थांबेना. आत सुगरणीचे घरटे तयार झाले. लटारू बराच वेळ पाहत होता. म्हणाला, ‘बाबू, मासा तर नाई, पाखरू येईन आता बसाले.’

ते घरटे सोडवायला आम्हाला दोन दुपारी लागल्या. त्या दोन दुपारी वाईट गेल्या नाहीत. लटारू तंगूस बोटांत धरून, ओढून, ओठांना लावून पाहतो आणि मग बोलतो. त्याने सांगितले ते असे. जिचे रीळ हलत नाही तिला बारीक आणि मऊ तंगूस हवा, कारण तो काठावरून वेटोळ्यांनी सुटतो. जाड आणि ताठ असला की अंगात आल्यासारखा उडतो. काठोकाठही भरायचा नाही, सूतभर जागा रिकामी ठेवायची. जिचा ढोल फिरतो तिला जाड चालतो. बारीक घातला तर मासा ओढताना वरचा वेढा खालच्या वेढ्यांत रुततो आणि पुन्हा निघत नाही. आणि त्या ढोलावर फेकताना अंगठा ठेवायचा, नाहीतर तो दोराच्या पुढे धावतो. लटारूने आयुष्यात रील पाहिली नव्हती. ‘उलटी मसीन हाय ही,’ एवढेच तो दुसरीबद्दल म्हणाला.

पण भेंडोळ्यावर वर्षभर बसलेला तंगूस भेंडोळ्याचाच आकार धरून राहतो. सोडला तरी वळतो. त्यावर लटारूचा उपाय असा की गरम पाण्यात भिजवावा आणि दोन खांबांमध्ये ताणून उन्हात ठेवावा. माझ्या अंगणात एक मोहाचे झाड आहे. दुसरा खांब म्हणून मी रस्त्यावरचा विजेचा खांब धरला. (ते खांब तू पाहिलेस. चार वर्षे उभे आहेत. तार यायची आहे. गाई त्यांना अंग घासतात.) मोहापासून खांबापर्यंत आणि परत असा मी सगळा तंगूस ताणला. थंडीच्या उन्हात तो चांगला चमकत होता.

त्या संध्याकाळी लोक येऊ लागले. प्रथम शेजारची मंगली आली, चटई घेऊन. मग दहा-बारा बायका, मग पुरुष. सगळे खांबाकडे पाहून अंगणात बसले. मला वाटले, मासेमारीची आवड गावात पसरली. एकाने विचारले, ‘कोणती लावता, बाबू?’ मी सांगितले, आधी बारीक, मग जाड. त्याने मान हलवली. दुसऱ्याने विचारले, ‘मारधाडीची हाय का जी?’ मी म्हणालो, मारायचे तर आहेच, पण धीर धरावा लागतो. मंगलीने विचारले, ‘रडाची हाय का?’ मी दुसऱ्या रीलकडे पाहून म्हणालो, ‘रडवते.’ ती समाधानाने पदर सावरून बसली. दुसऱ्या दिवशी आणखी लोक आले. कोणी भुईमुगाच्या शेंगा आणल्या, कोणी धोतर आणून भिंतीवर बांधले. मी चुलीवर मोठे पातेले ठेवून चहा केला. कप चारच होते, ते फिरत राहिले. एका म्हातारीने मला विचारले की सत्यशीला असती तर पुढे बसली असती ना. मी हो म्हणालो. ती पुढेच बसायची, सगळीकडे. असे चार दिवस चालले. कोणी तंगुसाला हात लावत नव्हते. लहान मुलांना आया दुरून ओढून घेत. मला हे शिस्तीचे वाटले.

चौथ्या दिवशी मुखरू शंभरचा बल्ब घेऊन आला आणि कुठे लावायचा म्हणाला. तेव्हा सगळा उलगडा झाला. त्याने गावात सांगितले होते की पाणीबाबूच्या साळ्याने दोन रीलचा पिक्चर पाठवला आहे आणि बाबूंनी लाईनीसाठी तार केली आहे. इथे लाईन म्हणजे वीज, दुसरे काही नाही. आणि आता तर खांबापासून माझ्या घरापर्यंत लाईन आलेलीच होती, तीही फारेनची, काचेसारखी. मी तोंड उघडणार इतक्यात मंगलीची शेळी तंगुसापाशी गेली. बायका ओरडल्या. शेळीने अंग घासले, मग तंगूस तोंडात धरला आणि सावकाश चावू लागली. सगळे तिच्या मरण्याची वाट पाहत उभे राहिले. बऱ्याच वेळाने मंगली म्हणाली, ‘लाईनीत करंट नाई, बाबू.’

कोणी रागावले नाही. लटारू म्हणाला, पिक्चर नाही तर मासा तरी दाखवा, आणि सगळे घाटावर आले. पहिल्या रीलवर बारीक तंगूस भरला, शेळीने ठेवला तेवढा. चाळीस माणसांसमोर मी गळ फेकला. तंगूस न अडता, आवाज न करता, सुंदर दूरवर गेला. गळ सरकारी मोजपट्टीत जाऊन रुतला, एक मीटर चाळीसच्या खुणेवर. दुसऱ्या सकाळचे पाणी वहीत मी त्यावरूनच लिहिले. मग लोक घरी गेले. धोतरही गेले. मंगलीची चटई अंगणात राहिली आहे. ती न्यायला अजून आली नाही. मी ती गुंडाळून ठेवलेली नाही.

बाकी लिहिण्यासारखे नाही. जहाजावर वडीलधारे असतील त्यांना माझा जयभीम सांग, धाकट्यांना काय सांगायचे ते तूच ठरव.

तुझा,
सोमाजी भाऊजी

ता. क. वर मी असे लिहिले, जणू मला काही कळले नव्हते. ते खरे नाही. मंगलीने ‘रडाची हाय का’ विचारले तेव्हा पहिल्याच संध्याकाळी कळले. तंगूस दोन दिवसांत सरळ झाला होता. पुढचे दोन दिवस तो मी खांबाला तसाच ठेवला. सत्यशीला गेली तेव्हा तिच्या पुण्यानुमोदनाला सतरंज्या टाकल्या होत्या, त्यानंतर त्या अंगणात कोणी बसले नव्हते.

ता. क. २. लाईन पाठवू नकोस. तारेचे उत्तरही नको. पहिलीला बारीक, दुसरीला जाड, हे इथे ठरले आहे.

ता. क. ३. पाकीट चिकटवण्याआधी हे लिहितो. आज जेवताना आठवले की तू डावखुरा आहेस. लहानपणी डाव्या हाताने भात कालवायचास म्हणून सत्यशीला तुझ्या हातावर पळीने मारायची. तिला पार्सल उघडताच कळले असते. मला चाळीस दिवस लागले. दुसरी रील तू स्वतःसाठी पाठवलीस की दुकानदाराने दिली ती घेतलीस, हे मी विचारत नाही. मूठ उजवीकडे बसते का ते मी सगळे स्क्रू काढून पुन्हा एकदा पाहिले. बसत नाही. तिच्यावर जाड तंगूस भरून ठेवला आहे, काठापासून एक सूत खाली. आजचे पाणी एक मीटर बेचाळीस. होळीपर्यंत मीटरभर राहते, पुढे गळ तळाला लागतो. त्याआधी ये.