सगळी एका छपराखाली नकोत

आये, आज दुपारी धाकट्या लेकीला पोलादपुरात माझ्या नणंदेकडे पाठवून दिलं आणि घरात येऊन बसले. म्हटलं, तुझ्याशीच बोलावं. तुला जाऊन बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुझ्यावर रुसले, मनातल्या मनात तुझ्याशी कडाकडा भांडले, पण लिहिलं कधी नाही. आता समोर अंगणवाडीची जुनी वही आहे, तिची मागची पानं कोरी आहेत, आणि बाहेर सकाळपासून धो धो चाललंय. मोबाइलवर दोन दिवसांचा रेड अलर्ट आलाय. तुझ्या वेळी असलं काही नव्हतं. तू दारात उभी राहून डोंगराकडे बघायचीस, वास घ्यायचीस आणि म्हणायचीस, "ह्यो आता चार दिस हलायचा नाय."

तुझी आगोट अजून जशीच्या तशी आठवते. पावसाळ्याच्या बेगमीला बाकीच्या बायका मे महिन्यात हात घालायच्या, तू होळी होते न होते तोच लागायचीस. जळणाची फाटी माळ्यावर चढायची, शेणी रचल्या जायच्या, महाडच्या बाजारातून सुकट आणि बोंबील यायचे, कडवे वाल राख लावून डब्यात बसायचे. बाबा मुंबईहून महिनाभर रजेवर आलेले असायचे. ते छपरावर कौलं परतायचे आणि तू खालून, "ती फुटकी काढा, ती नाय, तिच्या शेजारची," असं ओरडून त्यांचा जीव नकोसा करायचीस. पण घरामागे डोंगराच्या अंगाला जो चर खणायचा, तो तू त्यांना कधी करू दिला नाहीस. "तुमचा चर म्हंजी मांजरानं उकरल्यावानी," म्हणायचीस, आणि पदर खोचून स्वतः कुदळ घ्यायचीस. पेरणीसाठी राखलेलं भात पेंढ्यात घट्ट बांधून त्याच्या दोन मुड्या करायचीस. एक आपल्या माळ्यावर, दुसरी खालच्या वाडीत मावशीकडे. आपल्याकडे जागा नाही म्हणून, असं मी समजायचे.

मग बाबा परत कामावर जायचे, आणि झड लागली की तू मला मावशीकडे पाठवायचीस. मी तेव्हा आठ वर्षांची, दादा दहाचा. एका पिशवीत एक फ्रॉक, थोडे तांदूळ, वर प्लास्टिक. "मावशी एकटी हाय गो बाय, तिला सोबत हुईल." दर पावसाळ्यात तीन-चार वेळा हेच. तासाभराची उतरण, शेजारचे काका गुरांसाठी खाली जायचे त्यांच्या मागून मी. मावशी गरीब गाय होती, मला पोटाशी धरून बसवायची, पण मला तुझी चूल हवी होती. दादा तुझ्या मांडीला टेकून भाजलेले काजू खात असेल असं डोळ्यांसमोर यायचं आणि घास उतरायचा नाही. वाडीतल्या बायकाही काय कमी? "पोरगा जवळ ठेवतंय, पोरगी बाहेर काढतंय," असं एकीनं माझ्या देखत म्हटलेलं. तू ऐकलंस आणि गप्प बसलीस. तू आणि गप्प! तेव्हाच मी समजले, की खरं असणार.

एका श्रावणात मी पळून परत वर आले. एकटी. मधला ओढा गुडघ्याच्या वर लागला, चप्पल गेली, पण आले. दार ढकललं तर तू नाचणीची भाकर थापत होतीस आणि दादा खरंच तुझ्या शेजारी होता. तू माझ्याकडे पाहिलंस, उठलीस आणि पिठाच्या हातानं अशी कानफटात मारलीस की मी भिंतीवर गेले. त्याआधी तू मला बोटही लावलं नव्हतंस. मला वाटलं आता रडशील, जवळ घेशील. कसलं काय! तसाच माझा हात धरलास आणि त्याच पावसात ओढत खाली नेलंस. मावशीच्या अंगणात सोडलंस आणि ओसरीला न टेकता वळलीस. मावशी म्हणाली, "तुझी आये रडत गेली गो." मी म्हटलं, पाऊस असेल तोंडावर.

पुढच्या मे महिन्यात तू मला महाडहून छत्री आणलीस, लाल, कडेला पांढरी फुलं. अख्ख्या वाडीत पोरांच्या डोक्यावर गोणपाट होतं, दादाच्या डोक्यावरही. मैत्रिणी जळल्या. मी ती छत्री आनंदानं उघडलीच नाही. मला घालवून द्यायची नीट सोय केली, एवढंच मला त्यात दिसलं. तू विचारलंस, "आवडली नाय?" मी म्हटलं, "दादाला दे." तुझा चेहरा कसा झाला ते मी बघितलं, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

तू गेलीस ती काविळीनं, ऐन थंडीत, आभाळात ढगाचं नाव नसताना. मी लग्न होऊन या घरी आलेले, वर्षही पुरं नव्हतं. तुझ्या उशाशी आठ दिवस होते. तुला विचारायचं होतं, मलाच का? पण तुझे डोळे हळदीसारखे झालेले आणि तू सारखी पाणी मागत होतीस, तेव्हा कसलं विचारतेय. रडले खूप, पण आत कुठंतरी खडा होताच. माझ्या पोरींना मी कधी कुणाकडे राहायला पाठवलं नाही. आजोळी, लग्नकार्याला, कुठेच नाही. लोक हसायचे. मी म्हणायचे, माझ्या पोरी माझ्या डोळ्यांसमोर.

मग तळीये झालं, अख्खी वाडी दरडीखाली गेली. तो जुलै तुला काय सांगू! आमची वाडी तिथून लांब, पण तीच माती, तसलाच डोंगर. वीज गेली, रस्ता गेला, दोन दिवस फोनला रेंज नाही. तिसऱ्या दिवशी मुंबईहून दादाचा फोन लागला. कशी आहेस नाही, काही नाही, पहिलाच प्रश्न, "पोरी कुठं हायत? दोघींना एकाच घरात ठेवलंस काय?" मी म्हटलं, मग कुठं ठेवू? तर तो ओरडलाच, "अगो, आयेनं काय शिकवलं तुला?" मला काय शिकवलं होतंस तू? मी उलट त्यालाच तेच विचारलं, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की मला ठाऊकच नाही. त्यानं सांगितलं. वरचा डोंगर एका पावसात थोडा सुटला होता, चर खणताना तू ती भेग पाहिली होतीस. घर सोडून कायमचं जायला दुसरं घर नव्हतं, मावशीची खोली ती केवढी, आणि गोठ्यात दोन म्हशी. म्हणून एकाला तरी बाहेर ठेवायचं. "बी कुणी एका घरात ठेवतं काय रे," असं तू त्याला म्हणाली होतीस. दहा वर्षांच्या पोराला, आये! त्यानं विचारलं, "मंग मी?" तर तू म्हणालीस, "तू माझ्याजवळ. आपण दोघं मिळून घाबरू." आणि मला सांगायचं नाही अशी त्याला शपथ घातलीस, कारण कळलं असतं तर मी गेलेच नसते. ते मात्र बरोबर ओळखलंस.

मी दादाला विचारलं, "तुला वाईट वाटलं नाय?" तो हसला. म्हणाला, "वाटायचं ना. पण आये शेजारी असायची." फोन ठेवून मी ढसाढसा रडले. घराबाहेर काढलेली म्हणून तीस वर्षं मिरवत होते, आणि तू तर मला वाचवून ठेवत होतीस. आधी फार आनंद झाला, आये. लाज वाटेल एवढा आनंद झाला. दादाचा विचार नंतर आला.

आता आमच्याकडेही आगोट असते, पण तिची तऱ्हा निराळी. आधार, रेशनकार्ड, सातबारा प्लास्टिकच्या डब्यात, मामंजींच्या गोळ्या, बॅटऱ्या, चार्जर, भरलेला सिलिंडर. तालुक्यावरून माणसं येऊन सांगून जातात, की झऱ्याचं पाणी गढूळ झालं, झाडं कलली, दरवाजे अडकायला लागले तर लगेच निघा. आमचा दरवाजा बाराही महिने अडकतो, मग काय बारा महिने पळायचं? नोटीस आली की वाडी खालच्या शाळेत जाते. गेल्या साली आम्हीही गेलो. मामंजी अंथरुणाला खिळलेले, त्यांना चौघांनी डोलीत घालून नेलं. तिथं सगळ्यांसमोर त्यांचं अंथरूण खराब झालं आणि तो एवढा ताठ माणूस पोरासारखा रडला. "पुन्यांदा मला नेऊ नको गो सूनबाय. हितंच ऱ्हाऊ दे." नवरा मुंबईत गाडीवर ड्रायव्हर. मामंजींना सोडून मी जाऊ कशी? पोलीस पाटील म्हणतात, पाणी गढूळ झालं की शिट्टी मारतो, तेव्हा मात्र म्हाताऱ्याला उचलायचं. त्यांना एकटीनं उचलणं माझ्यानं होत नाही. थोरली सोळाची आहे, धट्टीकट्टी, ती दुसरी बाजू धरते.

म्हणून धाकटीला एकटीलाच वडापच्या जीपमध्ये बसवलं. तिनं थयथयाट केला. "मलाच का? दीदीला का नाय?" मी म्हटलं, "आत्याचे पाय दुखतात गो, तिला सोबत होईल." बोलले आणि ओठ चावला. थोरलीनं तिची बॅग भरली, आपला नवा स्वेटर तिच्या बॅगेत कोंबला, जीप वळेपर्यंत हात हलवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "चल, आजोबांचं अंथरूण बदलू." मला तिनं काहीच विचारलं नाही. दादानं निदान विचारलं होतं.

तू त्याला खरं सांगितलंस. मी तिला सांगितलं, की आजोबांना उचलायला तू लागतेस. ते खोटं नाही, पण तेवढंच खरंही नाही. पाटलांचा पोरगा सकाळी येऊन गेला होता. "काकी, उचलायला मी येतो, दोघींना पाठवा," असं म्हणाला होता. मी नको म्हटलं. मला कुणीतरी जवळ हवं होतं गं. एकटीनं घाबरायची माझ्यात ताकद नाही. आणि मग कोण राहणार, कोण जाणार, हे ठरवायला मी बसले.

थोरली आत मामंजींना पेज भरवतेय. तिनं दोनदा हाक मारून विचारलं, मम्मी काय लिहितेस. मी म्हटलं, अंगणवाडीचा अहवाल. ही पानं मी फाडून चुलीत घालणार आहे, तिच्या हाती लागता कामा नयेत. तुला मात्र सांगते. मी ठरवायला बसले खरी, पण ठरवावं लागलंच नाही. जाणारी म्हणून धाकटीचं नाव आधीच तोंडात होतं.